विश्लेषण : राक्षस नाही, लढाई नाही, तरी तीन तास खेळ! ‘डाऊनटाइम’ म्हणजे काय?

भुयारातून चौघे बाहेर पडले आहेत. योद्ध्याचे चिलखत फुटले आहे. मांत्रिकाला जुन्या पोथ्या चाळायच्या आहेत, पुरोहिताला शापावर उतारा शोधायचा आहे आणि चोराच्या थैलीत सोने खुळखुळते आहे. पुढच्या मोहिमेला दहा दिवस अवकाश. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत या मधल्या काळाला ‘डाऊनटाइम’ म्हणतात. नावाला विश्रांती, पण गटात कुरबूर सुरू होते ती अनेकदा याच सत्रात.

हा खेळ आहे तरी काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकी जोडीचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. एक जण सूत्रधार, म्हणजे ‘डन्जन मास्टर’. तो गोष्टीतले जग उभे करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बोलून खेळतात. तलवार लागली की हुकली, हे २० बाजूंचा फासा ठरवतो.

गावात परतायचे कशाला?

सुरुवातीच्या नियमांत कारण रोखठोक होते. बाहेर आणलेल्या सुवर्णनाण्यांवर अनुभवगुण मिळत, साधारण नाण्याला एक. त्यामुळे राक्षस मारण्यापेक्षा खजिना सुखरूप घरी पोहोचवणे मोलाचे. १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी पुढच्या पातळीसाठी प्रशिक्षण सक्तीचे केले. त्याची फी पात्राची पातळी गुणिले १,५०० नाणी, तीही दर आठवड्याला! थैली रिकामी झाली की पुन्हा भुयार. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन हे मराठा फौजांचे चक्र ठाऊक असलेल्यांना ही लय ओळखीची वाटेल.

दहा दिवसांत काय काय होते?

इथे खरी गंमत आहे, आणि खरी अडचणही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत राहणीमानाचे दर ठरलेले आहेत. साधी राहणी दिवसाला १ सुवर्णनाणे, आरामशीर २, श्रीमंती ४ आणि उमरावी थाट किमान १०. हे परवडते. पण योद्ध्याला पूर्ण पोलादी चिलखत स्वतः घडवायचे असेल तर? त्याची किंमत १,५००. निम्म्या किमतीचा कच्चा माल, म्हणजे ७५०, आधी आणायचा. दिवसाला ५ नाण्यांइतकेच काम पुढे सरकते. म्हणजे ३०० दिवस. चौघांनाही ते काम येत असले आणि चौघेही हातोडा घेऊन बसले, तरी ७५.

२०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ने हिशेब पाच दिवसांच्या कामाच्या आठवड्यावर आणला आणि त्यात मसाला घातला. उच्चभ्रूंच्या मेजवान्यांत आठवडा घालवायला २५० नाणी लागतात. फासा चांगला पडला तर वजनदार ओळखी, वाईट पडला तर नवा वैरी. शिवाय दर आठवड्याला दहा टक्के शक्यता अशी, की काहीतरी लफडे मागे लागेल.

मग वाद कशावरून?

वेळेवरून. चोर दुकानदाराशी दोरखंडाच्या भावावर पाऊण तास घासाघीस करतो आणि बाकी तिघे मोबाइल चाळत बसतात. दुसरा अन्याय नियमांतलाच. मांत्रिकाचे काम दहा दिवसांत बऱ्यापैकी उरकते, लोहारकाम करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याच्यासाठी वर्षभर थांबावे, तर डोंगरापलीकडचा खलनायक तेवढे दिवस काय झोपा काढणार?

म्हणून हे सत्र गाळून टाकणारे गटही आहेत. त्यात नुकसान मोठे आहे. लढाईत पात्र म्हणजे आकडेच असतात. तो योद्धा मिळालेले सोने कुणाला पाठवतो, पुरोहित कोणाच्या दारात जायचे टाळतो, हे गावातच कळते. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा, की किती दिवस हाताशी आहेत ते सूत्रधाराने आधीच सांगावे, खरेदी आणि हिशेब मधल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर उरकावेत आणि ज्यात निर्णय घ्यावा लागतो असेच प्रसंग टेबलावर आणावेत. प्रत्येकाला एक प्रसंग मिळाला तरी पुरे.

इतर खेळांनी काय तोड काढली?

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये (१९८५) मोहिमेनंतर हिवाळा येतो. त्यात सरदार म्हातारे होतात, लग्ने होतात, मुले जन्मतात. पुढे मुलगाच खेळाडूचे पात्र होऊ शकतो. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये (२०१७) प्रत्येक गुन्ह्यानंतर दोनच कामे फुकट. मनावरचा ताण उतरवायला व्यसनाकडे वळावे, तर जखमेच्या उपचाराला एकच संधी उरते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नेही २०२४ च्या सुधारित नियमांत वस्तू घडवण्याचा वेग दुप्पट केला. तरी ते चिलखत एकट्याला १५० दिवस घेतेच. सोबत पाचव्या पातळीपासून ‘बॅस्टियन’ नावाचा स्वतःचा वाडा आला आहे. मालक स्वतः वाड्यात असला, तर दर सात दिवसांनी तिथल्या माणसांना त्याला हुकूम देता येतो.