डेलिकेट (विशेषण)

डेलिकेट हे इंग्रजी भाषेतील एक विशेषण आहे. नाजूकपणा, तलमपणा, सौम्यता किंवा सहज इजा होण्याजोगी अवस्था दर्शवण्यासाठी ते वापरले जाते. मराठीत त्यासाठी बहुधा 'नाजूक' हा प्रतिशब्द योजतात. तथापि या दोन शब्दांचे अर्थ सर्वत्र जुळत नाहीत.

व्युत्पत्ती

हा शब्द 'सुखद', 'विलासी' या अर्थांच्या 'डेलिकाटुस' या लॅटिन विशेषणापासून आला असून चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत आढळतो. आरंभी तो सुखासीन व्यक्ती आणि रुचकर खाद्यपदार्थ यांना उद्देशून वापरला जाई. सुखात वाढलेले शरीर कष्ट सोसत नाही आणि बारीक कलाकुसरीची वस्तू लवकर मोडते. अशा साहचर्यातून पुढे 'अशक्त' आणि 'ठिसूळ' हे अर्थ रूढ झाले. मूळ अर्थाची खूण 'डेलिकसी' या नामात टिकून आहे. या नामाचा अर्थ 'नाजूकपणा' असा होतो, तसाच 'खास चवीचा पदार्थ' असाही होतो.

अर्थ व उपयोग

१. घडण किंवा पोत : तलम, बारीक विणीचे. उदा. डेलिकेट लेस. धुलाईयंत्रावरील याच नावाची सोय तलम कपड्यांसाठी असते.
२. प्रकृती : वारंवार आजारी पडणारी, तोळामासा. उदा. डेलिकेट हेल्थ.
३. रंग, गंध, चव : सौम्य, मंद. येथे हा शब्द प्रशंसावाचक असतो.
४. प्रसंग किंवा विषय : जपून हाताळावा लागणारा. उदा. डेलिकेट निगोशिएशन्स, म्हणजे नाजूक वाटाघाटी.
५. कौशल्य किंवा उपकरण : अचूक, सूक्ष्म फरक टिपणारे. उदा. शल्यविशारदाचा हात, प्रयोगशाळेतील तराजू.

या शब्दाची तुलनादर्शक रूपे 'मोअर' आणि 'मोस्ट' हे शब्द आधी जोडून होतात. उच्चारात आघात पहिल्या अवयवावर येतो व शेवटचा स्वर ऱ्हस्व राहतो. त्यामुळे 'गेट'प्रमाणे दीर्घ 'केट' न म्हणता 'डेलिकिट' असा उच्चार मूळ उच्चाराला अधिक जवळचा आहे. 'इनडेलिकेट' हे नकारार्थी रूप 'भक्कम' या अर्थी येत नाही. त्याचा अर्थ 'असभ्य', 'औचित्य सोडून केलेले' असा आहे.

जवळचे शब्द

'फ्रॅजाइल' हा शब्द केवळ मोडण्याची शक्यता सांगतो, म्हणून काचसामानाच्या खोक्यांवर तो छापलेला असतो. सौंदर्याचा भाव त्यात असेलच असे नाही. 'फ्रेल' हा त्याच लॅटिन मुळाचा शब्द प्रामुख्याने वार्धक्याने वा आजाराने क्षीण झालेल्या व्यक्तीसाठी येतो. 'डेन्टी' म्हणजे लहानखुरे व सुबक. 'टेंडर' या शब्दात कोवळेपणा आणि ममता या दोन्ही छटा आहेत.

मराठी भाषांतर

'नाजूक' हा शब्द मराठीत फारसीतून आला आहे. नाजूक बांधा, नाजूक नक्षी, नाजूक प्रश्न या प्रयोगांत तो डेलिकेटशी नेमका जुळतो. चव किंवा सुगंध यांसाठी मात्र मराठीत 'हलका', 'मंद', 'सौम्य' हे शब्द स्वाभाविक ठरतात, तर पालवीसाठी 'कोवळी' आणि स्पर्शासाठी 'मुलायम' किंवा 'कोमल' हे शब्द शोभतात.

रुग्णाविषयी लिहिताना विशेष काळजी घ्यावी लागते. मराठी वृत्तपत्रांत 'प्रकृती नाजूक आहे' याचा अर्थ जिवाला धोका आहे असा होतो. त्यासाठी इंग्रजीत 'क्रिटिकल' हा शब्द आहे. 'डेलिकेट हेल्थ' या शब्दप्रयोगातून केवळ अशक्त प्रकृतीचा बोध होतो. शिवाय 'डेलिकेट कंडिशन' हा गरोदरपणाचा आडवळणाने उल्लेख करणारा जुना इंग्रजी शब्दप्रयोग आहे. मराठीतील 'दोन जिवांची' या प्रयोगाप्रमाणे तोही संकोचातून रुळला. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाविषयीच्या मराठी वाक्याचे शब्दशः भाषांतर केल्यास आजाराचे गांभीर्य लोपते आणि काही वेळा भलताच अर्थ निघतो.