लिनक्सवर ब्राउझरची आवृत्ती बदलताना आधी प्रोफाइल सांभाळा

बेंगळुरूच्या पूर्व भागात जुना विमानतळ रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार मार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे मारतहळ्ळी वसले आहे. आसपासच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे हा भाग देशभर परिचित आहेच. पण नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना तो आणखी एका कारणाने ठाऊक असतो. जावा आणि सॉफ्टवेअर चाचणी शिकवणारे अनेक वर्ग येथे आहेत आणि त्यांच्या अवतीभवती पेइंग गेस्ट म्हणून राहण्याची सोय करणाऱ्या इमारती उभ्या आहेत. पदवी हाती घेऊन महाराष्ट्रातून बेंगळुरू गाठणाऱ्या मुलामुलींपैकी काहींचा पहिला मुक्काम येथेच पडतो.

अशा उमेदवाराजवळ बहुधा एकच लॅपटॉप असतो. अभ्यास त्यावरच, नोकरीचे अर्ज त्यावरच आणि बँकेचे व्यवहारही त्यावरच. चाचणीच्या अभ्यासासाठी ब्राउझरची जुनी आवृत्ती बसवावी लागली, तर तीही याच यंत्रावर बसवली जाते. गफलत होते ती येथे. ब्राउझर काही मिनिटांत बदलता येतो, परंतु त्यात साठलेले पासवर्ड, वाचनखुणा आणि लॉगिन जुन्या आवृत्तीबरोबर मागे येतीलच असे नाही.

जुनी आवृत्ती का लागते?

संकेतस्थळांची स्वयंचलित चाचणी घेण्यासाठी सेलेनियम हे मुक्तस्रोत साधन जगभर वापरले जाते. शिकागो येथील थॉटवर्क्स या कंपनीत २००४ मध्ये त्याची सुरुवात झाली. माणसाऐवजी आज्ञावलीच ब्राउझर उघडते, खिडकीतील बटणे दाबते आणि अपेक्षित उत्तर मिळाले की नाही ते नोंदवते. मात्र त्यासाठी चाचणीची आज्ञावली आणि ब्राउझर यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात.

त्या न जुळल्यास काय होते, हे जून २०१६ मध्ये दिसून आले. फायरफॉक्सची ४७ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि सेलेनियमने ती सुरू करताच ब्राउझर बंद पडू लागला. त्यावर उपाय म्हणून मोझिलाने त्याच महिन्यात ४७.०.१ ही दुरुस्ती आवृत्ती काढली. पण पाठोपाठ ऑगस्टमध्ये आलेल्या ४८ व्या आवृत्तीने जुनी पद्धतच मोडीत काढली आणि गेकोड्रायव्हर हा नवा दुवा सर्वांना स्वीकारावा लागला. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या चाचण्या ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना जुन्या आवृत्तीकडे वळण्यावाचून पर्याय नव्हता.

चाचणीच्या क्षेत्राबाहेरही असे प्रसंग येऊन गेले आहेत. मार्च २०१७ मधील ५२ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने जावा प्लगिनचा आधार काढून घेतला. डिजिटल स्वाक्षरीसाठी जावावर विसंबून असलेली ई-निविदा भरणारे कंत्राटदार तेव्हा अडचणीत आले. दीर्घ मुदतीच्या ५२ व्या आवृत्तीत हा आधार सप्टेंबर २०१८ पर्यंत टिकून होता, म्हणून अनेकांनी तीच धरून ठेवली. जुनी आवृत्ती मागणारा प्रत्येक जण हट्टी असतो, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

प्रोफाइल म्हणजे काय?

ब्राउझर ही आज्ञावली आहे आणि प्रोफाइल हे त्या आज्ञावलीचे दप्तर. आज्ञावली यंत्रणेच्या फोल्डरात बसते, तर प्रोफाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, एरवी दृष्टीस न पडणाऱ्या जागी असते. ब्राउझर काढून टाकला तरी सामान्यतः प्रोफाइल जागेवरच राहते. त्यामुळेच ब्राउझर पुन्हा बसवल्यावर वाचनखुणा जशाच्या तशा दिसतात आणि वापरकर्त्याचा समज होतो, की आवृत्ती कोणतीही असली तरी हेच घडेल.

वस्तुस्थिती तशी नाही. भेट दिलेल्या पानांची यादी आणि वाचनखुणा फायरफॉक्स एका लहानशा डेटाबेसमध्ये ठेवतो. नवी आवृत्ती प्रथम उघडते तेव्हा ती या डेटाबेसची रचना आपल्या गरजेनुसार बदलून घेऊ शकते. एखादी नोंदवही नव्या नमुन्यात उतरवून घेतल्यावर जुन्या नमुन्याच्या रकान्यांत ती परत बसत नाही, तसेच येथे होते. पुढे जाणारे रूपांतर आपोआप होते. मागे येणारे रूपांतर कोणी लिहिलेलेच नसते.

पासवर्डची गोष्ट आणखी नाजूक आहे. सांकेतिक रूपातील पासवर्ड एका फाइलमध्ये असतात आणि ते उलगडणारी किल्ली दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही बरोबर नेल्या तरच उपयोग होतो. जानेवारी २०१८ मधील ५८ व्या आवृत्तीत या किल्लीच्या फाइलचे स्वरूपच बदलण्यात आले. या आवृत्तीतील प्रोफाइल त्याआधीच्या आवृत्त्यांत चालणार नाही, अशी सूचना मोझिलाने त्या वेळी दिली होती. अशा सूचना वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

२१ मे २०१९ रोजी आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून मात्र फायरफॉक्सने स्वतःच पहारा बसवला. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडू पाहिल्यास सूचना झळकते आणि दोनच पर्याय समोर येतात: नवे प्रोफाइल तयार करणे किंवा बाहेर पडणे. नवे प्रोफाइल निवडल्यावर कोरी खिडकी उघडते. वाचनखुणा नाहीत, पासवर्ड नाहीत. सर्व काही गेले, अशी धास्ती येथे अनेकांना बसते. प्रत्यक्षात जुने प्रोफाइल डिस्कवर सुरक्षित असते आणि पत्त्याच्या चौकटीत 'अबाउट:प्रोफाइल्स' लिहिल्यास ते यादीत दिसते. हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकावे लागतात.

हा पहारा ओलांडण्यासाठी 'अलाउ डाउनग्रेड' नावाची कळही उपलब्ध आहे. प्रोफाइलची प्रत हाती नसताना ती वापरणे म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देऊन दार उघडे टाकण्यासारखे आहे.

न दिसणारी उतरण

जाणूनबुजून जुनी आवृत्ती बसवणारा निदान सावध तरी असतो. अधिक घोटाळा होतो तो नकळत मागे जाणाऱ्यांचा. फायरफॉक्सच्या दोन धारा आहेत. नेहमीची धारा २०२० पासून साधारणतः दर चार आठवड्यांनी पुढे सरकते. दुसरी ईएसआर, म्हणजे दीर्घ मुदतीची धारा, सुमारे वर्षभर एकाच मुख्य क्रमांकावर थांबते आणि तिच्यात प्रामुख्याने सुरक्षाविषयक दुरुस्त्या येत राहतात. डेबियन आपल्या स्थिर आवृत्तीबरोबर ईएसआरच देते. तेव्हा उबंटूवर नेहमीचा फायरफॉक्स वापरणाऱ्याने डेबियन बसवून आपले जुने प्रोफाइल तेथे नेले, तर आपण अधिक स्थिर आवृत्तीकडे चाललो आहोत असे त्याला वाटते. क्रमांकाच्या हिशेबाने मात्र तो अनेक पायऱ्या खाली उतरलेला असतो आणि पहारेकरी त्याला अडवतो.

उबंटूच्या वापरकर्त्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एप्रिल २०२२ मधील २२.०४ या आवृत्तीपासून उबंटूच्या भांडारातील फायरफॉक्स डेब स्वरूपात मिळत नाही. त्या नावाची आज्ञा दिली तरी स्नॅप हे बंदिस्त स्वरूपाचे पॅकेजच बसते. स्नॅपमधील फायरफॉक्स आपले प्रोफाइल निराळ्या फोल्डरात ठेवतो. फ्लॅटपॅकचे फोल्डर तिसरेच. स्वतःच्या भांडारातून डेब पॅकेज देण्याची सोय मोझिलाने जानेवारी २०२४ पासून नियमित आवृत्तीसाठी केली. स्नॅप सोडून ते घेणाऱ्याला ब्राउझर कोरा दिसतो, कारण त्याची माहिती स्नॅपच्या फोल्डरातच राहिलेली असते.

स्नॅपमध्ये आधीच्या आवृत्तीकडे नेणारी 'रिव्हर्ट' ही आज्ञा आहे. ती सोयीची वाटते. परंतु फायरफॉक्सचे प्रोफाइल स्नॅपच्या सामाईक फोल्डरात असल्याने आज्ञावली मागे जाते आणि प्रोफाइल जागेवरच राहते. स्नॅप काढून टाकताना यंत्रणा माहितीची एक प्रत सामान्यतः ३१ दिवस जपते. काढण्याच्या आज्ञेला 'पर्ज' हा शब्द जोडल्यास ती प्रतही उरत नाही. महाजालावरून उचललेल्या आज्ञांत हा शब्द अनेकदा असतो, म्हणून आज्ञा चिकटवण्यापूर्वी ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचलेली बरी.

सुरक्षित मार्ग

आवृत्ती बदलण्यापूर्वी 'अबाउट:सपोर्ट' हे पान उघडावे. वापरात असलेले प्रोफाइल नेमक्या कोणत्या फोल्डरात आहे, ते तेथे दिसते. स्नॅप, फ्लॅटपॅक की डेब, असा तर्क करत बसण्याची गरज उरत नाही. फोल्डरचा पत्ता टिपून घेऊन ब्राउझर पूर्णपणे बंद करावा. चालू ब्राउझर डेटाबेसमध्ये सतत लिहीत असतो आणि अशा वेळी घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. त्यानंतर संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरील डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तिच्या नावात दिनांकाबरोबर ब्राउझरच्या आवृत्तीचा क्रमांकही लिहावा. प्रत कोणत्या आवृत्तीची आहे हेच आठवले नाही, तर सहा महिन्यांनी ती असून नसल्यासारखी होते. या प्रतीत पासवर्डही असतात आणि प्राथमिक पासवर्ड ठेवलेला नसेल, तर प्रत हाती लागलेल्या कोणालाही ते उघडता येतात. पेइंग गेस्टच्या सामाईक खोलीत अशी पेन ड्राइव्ह टेबलावर पडून राहू नये.

वाचनखुणा एचटीएमएल फाइलच्या रूपात वेगळ्या काढून ठेवणे हितावह असते. ती फाइल कोणत्याही आवृत्तीत, किंबहुना कोणत्याही ब्राउझरमध्ये वाचता येते. पासवर्डही तसे बाहेर काढता येतात, पण ती फाइल साध्या अक्षरांत असते. काम होताच ती नष्ट करावी. सिंक सेवेवर विसंबणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की ती अनेक उपकरणांतील माहिती एकसारखी ठेवते. एका ठिकाणी पुसलेली वाचनखूण ती दुसऱ्या ठिकाणीही पुसते. ती राखीव प्रत नव्हे.

केवळ चाचणीसाठी जुनी आवृत्ती हवी असेल, तर रोजच्या ब्राउझरला हात लावण्याचे कारणच नाही. मोझिलाच्या संग्रहातून हवी ती आवृत्ती संकुचित फाइलच्या रूपात मिळते. ती आपल्या फोल्डरात उलगडून तेथूनच चालवता येते. ६७ आणि त्यापुढील आवृत्त्या स्थापनेच्या प्रत्येक जागेसाठी वेगळे प्रोफाइल वापरतात, त्यामुळे दोघींची दप्तरे एकत्र होत नाहीत. त्याआधीची आवृत्ती असल्यास प्रोफाइल स्वतः वेगळे करून ते नावानिशी उघडावे लागते. उलगडलेली प्रत संधी मिळताच स्वतःला अद्ययावत करते, हेही लक्षात असू द्यावे. चाचणी सुरू करण्याआधी ही सुविधा बंद केली नाही, तर सकाळी बसवलेली जुनी आवृत्ती संध्याकाळी नवी झालेली असते. सेलेनियमच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी हे काम हलके केले आहे: नोव्हेंबर २०२२ मधील ४.६ पासून जुळणारा ड्रायव्हर त्या स्वतःच शोधून आणतात.

जुनी आवृत्ती मराठीत हवी असल्यास मराठीतील संचच उतरवून घ्यावा. वेगळ्या आवृत्तीचे भाषा पॅकेज जोडले, तर ते बहुधा स्वीकारले जात नाही आणि ब्राउझर इंग्रजीतच उघडतो.

क्रोमची रीत काहीशी निराळी आहे. गूगलच्या लिनक्स भांडारात प्रत्येक धारेची ताजी आवृत्तीच ठेवली जाते, त्यामुळे सहज मागे जाता येत नाही. चाचणीसाठी गूगलने २०२३ मध्ये 'क्रोम फॉर टेस्टिंग' हा स्वतंत्र संच आणला. तो आपोआप अद्ययावत होत नाही, हाच त्याचा गुण. लिनक्सवरील क्रोम पासवर्डची किल्ली सहसा डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये ठेवतो. परिणामी केवळ क्रोमचे फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेल्यास वाचनखुणा दिसतात, पण पासवर्ड उघडत नाहीत.

जुने किती काळ चालेल?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला आणि विंडोज ११ न पेलणाऱ्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा सरळ पर्याय ठरला. तेथेही यंत्राचे वय आड येऊ शकते. ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम मार्च २०१६ मध्येच बंद झाला. फायरफॉक्सची १४४ ही या यंत्रांसाठीची शेवटची नियमित आवृत्ती ठरली आणि नोव्हेंबर २०२५ मधील १४५ पासून तो आधार थांबला. अशा यंत्रांना किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत ईएसआर १४० देण्याचे मोझिलाने जाहीर केले होते.

जुनी आवृत्ती आपण होऊन बदलली नाही, तरी तिच्याभोवतीचे जग बदलत असते. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. १२८ पूर्वीच्या आवृत्त्यांत आणि ११५.१३ पूर्वीच्या ईएसआरमध्ये ॲड-ऑन तसेच संरक्षित चित्रफिती बंद पडण्याची वेळ आली. ब्राउझर तोच, प्रोफाइल तेच, वापरकर्त्याने काहीही केलेले नव्हते. सुरक्षेची उघडकीस आलेली छिद्रेही अशा आवृत्तीत तशीच राहतात. म्हणून चाचणीसाठी बसवलेल्या जुन्या ब्राउझरमधून बँकेचे किंवा नोकरीच्या अर्जाचे पान उघडू नये. त्याचे चिन्ह डेस्कटॉपवर रोजच्या ब्राउझरशेजारी न ठेवता वेगळ्या फोल्डरात ठेवले आणि त्याला आवृत्तीच्या क्रमांकाचे नाव दिले, तर घाईतही गल्लत होत नाही.