विंडो गेली कुठे?

विंडो मिनिमाइझ केली की ती आक्रसत तळाशी जाते. ही हालचाल केवळ शोभेसाठी आलेली नाही. १९८४च्या मॅकिंटॉशवर फोल्डर उघडला की आयकॉनपासून रिकाम्या चौकटी निघत, मोठ्या होत जात आणि मग विंडो उमटे. सबंध विंडो हलवून दाखवणं १२८ किलोबाइट मेमरीच्या त्या यंत्राला झेपणारं नव्हतं; पण विंडो कुठून आली, हे चौकटींवरून कळे. विंडोज ९५मध्येही फक्त टायटल बार टास्कबारकडे सरके. तेवढ्यावरून नजरेला पत्ता लागे.

हालचाल कशी असावी, याचा विचार १९९३मध्ये बे-वेई चँग आणि डेव्हिड उंगर यांनी एका शोधनिबंधात मांडला. डिस्नेच्या चित्रकारांची रीत त्यांनी पडद्यावर आणली: सुरुवात सावकाश, मध्ये वेग, शेवट पुन्हा सावकाश. आजही अनेक विंडो याच चालीनं हलतात.

जानेवारी २०००मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक ओएस एक्सचा ‘जीनी इफेक्ट’ दाखवला. शिफ्ट दाबून धरली की विंडो संथपणे डॉकमध्ये ओतली जाई. मार्च २००१मध्ये प्रणाली बाजारात आली तेव्हा मात्र ती अडखळत चाले, कारण सगळ्या विंडो एकत्र रचण्याचा भार मुख्य प्रोसेसरवर होता. २००२च्या जॅग्वार आवृत्तीनं तो ग्राफिक्स कार्डावर टाकला.

खरा पालट इथे झाला. विंडोज एक्सपीत प्रत्येक प्रोग्रॅम थेट पडद्यावर रंगवी. एखादा गोठला की त्याच्यावरून ओढलेल्या विंडोच्या खुणा मागे उरत. व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, प्रत्येक विंडो मेमरीत स्वतंत्र रंगू लागली आणि ग्राफिक्स कार्ड त्यांची जुळणी करू लागलं. लिनक्सवर तर २००६मध्ये आलेल्या काँपिझनं उधळणच केली: ओढताना थलथलणाऱ्या विंडो, घनासारखा फिरणारा डेस्कटॉप. हौस लवकरच फिटली, जुळणीचं तंत्र टिकलं.

मग लक्ष सलगपणाकडे वळलं. अ‍ॅपलच्या कोअर अ‍ॅनिमेशनमध्ये वेगळी वेळ दिली नाही, तर हालचाल पाव सेकंद चालते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर तेवढ्यात १५ चित्रं बसतात. प्रत्येकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एक चुकलं तरी घासात खडा लागावा तसं डोळ्याला जाणवतं. म्हणूनच २००८मध्ये सुरू झालेल्या वेलँड या लिनक्सच्या पडदा-प्रणालीनं प्रत्येक चित्र निर्दोष असण्याचा आग्रह धरला आणि मार्च २०२५च्या ग्नोम ४८ या लिनक्स डेस्कटॉपनं ग्राफिक्स चिप मागे पडल्यास पुढचं चित्र आधीच हाती घेण्याची सोय केली. २०२१च्या मॅकबुक प्रोनं १२० हर्ट्झचा पडदा आणला. त्याच पाव सेकंदात ३० चित्रं मावू लागली.

चित्रं दुप्पट झाली, पाव सेकंद मात्र तसाच राहिला. यंत्रं कितीही वेगवान झाली, तरी विंडोचा माग काढायला नजरेला लागणारा वेळ घटलेला नाही. उलट, दिवसभर तीच विंडो उघडणाऱ्याला तिची जागा पाठ असते. त्याला हा पाव सेकंदही अडसर वाटतो. हालचालीनं भोवळ येणाऱ्यांसाठी मॅकवर २०१६पासून ती कमी करण्याची सोय आहे. विंडो अजून सरकत असतानाच टाइप केलेलं अक्षर तिच्यात बिनचूक उमटलं, तर अ‍ॅनिमेशन चांगलं म्हणावं. ज्याला पत्ता हवा त्याला तो मिळावा आणि ज्याला ठाऊक आहे त्याचा हात अडू नये.