आयईएलटीएस : लेखनाची पूर्वतयारी

परदेशी उच्चशिक्षणाची आकांक्षा बाळगणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात आयईएलटीएसची पुस्तके सहज मिळतात. परंतु त्यांतील नमुना निबंध पाठ करणे आम्हांस घातक वाटते. लेखनविभागास ६० मिनिटे असतात. पहिल्या प्रश्नास किमान १५० शब्द, दुसऱ्यास, म्हणजे निबंधास, २५०. निबंधाचे मोल दुप्पट. म्हणून त्यास ४० मिनिटे राखावीत. प्रश्नास अनुरूप उत्तर, सुसंगती, शब्दसंपदा व व्याकरण या चार कसोट्या समान मोलाच्या असतात. पाठ केलेला निबंध पहिल्याच कसोटीवर उणा पडतो. अनेक विद्यापीठे लेखनासाठी स्वतंत्र किमान गुण मागतात. तेथे अर्ध्या गुणानेही प्रवेश हुकू शकतो. म्हणून सरावात रोज एक प्रश्न घ्यावा, प्रथम स्वतःचे मत व त्याची दोन कारणे टिपावीत, मगच लेखणी चालवावी.