थप्पीचा भार कोपऱ्यांवर

टोमॅटोचं भरलेलं कॅरेट म्हणजे साधारण वीस किलो माल. रिकाम्या कॅरेटचं वजन दीड किलो धरलं, तर सात थरांच्या थप्पीत तळच्या कॅरेटवर सुमारे १३० किलो बसतात. गाडी खड्ड्यातून गेली की तेवढ्या क्षणापुरतं हे ओझं आणखी वाढतं. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून संध्याकाळी निघालेला माल रात्रभर असा धक्के खात जातो. सकाळी गाडी खाली करताना तळच्या थरातून रस गळत असेल, तर ते नुकसान कुणाच्या ना कुणाच्या पदरात पडतंच. ते टाळणं बऱ्याच अंशी कॅरेट आखणाऱ्याच्या हातात असतं.

मी प्लास्टिकच्या मोल्डची आखणी करते. एकावर एक बसणारं, एकमेकांत अडकणारं कॅरेट आखायला शिकायचं असेल, तर आधी बाजारात जाऊन रचलेल्या थप्पीशेजारी उकिडवं बसावं आणि तळच्या कॅरेटकडे नीट बघावं. लांब भिंत मध्यावर किंचित फुगलेली दिसते, कोपरा मात्र सरळ उभा असतो. पत्रा असो, पुठ्ठा असो की प्लास्टिक, सपाट भिंतीवर वरून दाब आला की ती वाकते. कोपऱ्यात दोन भिंती काटकोनात मिळतात आणि एकमेकींना वाकू देत नाहीत. म्हणून थप्पीचा बराचसा भार चार कोपरेच वाहतात. आम्ही तिथं उभ्या बरगड्या देतो, भिंत थोडी जाड करतो, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात वजन सरळ खाली उतरेल असं बघतो. भिंतीच्या मध्यावर मात्र हवेसाठी जाळी ठेवता येते, कारण तिथं प्लास्टिक कमी असलं तरी चालतं.

या सगळ्याचा हेतू एकच असतो: वजन फळाला लागू नये. वरच्या कॅरेटचा तळ खालच्याच्या काठावर टेकला पाहिजे, टोमॅटोवर नाही. पण व्यवहार कॅरेटवर होतो, त्यामुळे भरणारा शीग लावून भरतो. काठाच्या वर दोन बोटं आलेला टोमॅटो वरच्या कॅरेटच्या तळाखाली चिरडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे वरचं कॅरेट नीट बसतच नाही. शीग लावू नका असं छापून काही होत नाही. म्हणून तळ काठापासून थोडा वर उचलून ठेवायचा, बाजूला टेकायला पाय द्यायचे आणि मधली पोकळी शिगेसाठी सोडायची. उंची थोडी वाया जाते, पण फळ वाचतं. माणूस जसा वागतो तसं भांडं आखावं लागतं.

इथून पुढे या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरू होते. थप्पीत दोन वेगळी कामं चाललेली असतात. एक वजन पेलायचं, दुसरं घसरू द्यायचं नाही. पहिलं काम कोपरे करतात, दुसरं खालच्या कॅरेटचा काठ आणि वरच्याच्या तळाची खोबण मिळून करतात. नवशिक्या आखणीत ही दोन्ही कामं एकाच जागी येतात, म्हणजे वजनही त्या खोबणीच्या कडेवरच पडतं. मग कड झिजते, फाकते, आणि काही महिन्यांत ना वजन धड पेललं जातं ना थप्पी जागेवर राहते. वजन सपाट जागेवर टेकलं पाहिजे आणि अडकवणी त्याच्या शेजारी, वजनाशिवाय उभी राहिली पाहिजे. तिचा उपयोग फक्त गाडी वळते, ब्रेक लागतो किंवा रस्ता उतरता असतो तेव्हा. तिची खोली आठ-दहा मिलिमीटर पुरते. त्याहून उथळ असेल तर खड्ड्यात कॅरेट उडी मारून बाहेर येतं. खोल असेल तर प्रत्येक थरामागे तेवढी उंची जाते, आणि कॅरेट उचलताना ते आधी सरळ वर ओढावं लागतं. हमालाच्या कमरेला तो झटका दिवसभर बसत राहतो.

मग ती अडकवणी किती सैल ठेवायची? संगणकावर वरचा आणि खालचा भाग केसाचंही अंतर न ठेवता बसवता येतात. प्लास्टिक ते मान्य करत नाही. कॅरेटला लागणारं एचडीपीई गरम असताना मोल्डमध्ये भरलं जातं आणि थंड होताना आकसतं. हे आकसणं दोन टक्के धरलं, तर ५४० मिलिमीटर लांबीचं कॅरेट मिळवायला पोलादात सुमारे ५५१ मिलिमीटरची पोकळी कापावी लागते. आकसणं सगळीकडे सारखं नसतं. जाड कोपरा उशिरा थंड होतो, पातळ भिंत आधी, आणि लांब भिंत मध्यावर आत ओढली जाते. शिवाय कॅरेट मोल्डमधून सुटावं म्हणून भिंतींना उतार द्यावा लागतो. बाजूला एक अंशाचा उतार दिला, तरी २९० मिलिमीटर उंचीत पाच मिलिमीटरचा फरक पडतो. तळ आणि तोंड एकाच मापाचे राहत नाहीत, आणि बसायचं तर तळाला तोंडावरच आहे.

यात रंगही लुडबुड करतो. बाजारात कॅरेटचे रंग शोभेसाठी नसतात. कुणाचं निळं, कुणाचं लाल, यावरून माल कुणाचा ते लांबून कळतं. पण निळ्या आणि हिरव्या रंगासाठी जे थॅलोसायनिन रंगद्रव्य सर्रास वापरतात, त्याच्या कणांभोवती एचडीपीईचे स्फटिक लवकर धरतात. त्यामुळे आकसण्याची रीत बदलते आणि तुकडा वेगळ्या तऱ्हेनं वाकतो. मोल्ड तोच, मशीन तेच, दाणा तोच, फक्त रंगाचं मास्टरबॅच बदललेलं. मशीनशेजारी निळं कॅरेट लाल कॅरेटवर ठेवून कोपरा हातानं हलवून पाहिला की हा फरक जाणवतो. म्हणून लॉटची तपासणी एकाच रंगाची कॅरेटं एकमेकांवर ठेवून पुरी होत नाही, रंग मिसळून ठेवावे लागतात. नवं कॅरेट जुन्यावर ठेवून पाहावं लागतं, कारण एचडीपीई सतत ओझ्याखाली, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, हळूहळू बसतं.

या सगळ्याची गोळाबेरीज करून खोबणीत मोकळीक ठेवली जाते. पण ती कितपत हवी याचा निकाल गाडीत उभा असलेला माणूस देतो. तो छातीइतक्या उंचीवर वीस किलो उचलतो, त्याचे दोन्ही हात मुठीच्या खाचांत अडकलेले असतात, आणि वरचं कॅरेट समोर आल्यामुळे खालचा काठ त्याला दिसत नाही. तो कॅरेट अंदाजानं टेकवतो आणि पोटानं किंचित पुढे रेटतो. तेवढ्यात ते खटकन बसलं पाहिजे. म्हणून काठाची आतली कड उतरती करायची, की तिरपं टेकलेलं कॅरेट स्वतःच घसरत जागेवर येतं. कोपऱ्यात हा उतार थोडा जास्त हवा, कारण पहिला स्पर्श बहुतेक वेळा कोपऱ्याचाच होतो. मूठ काठापासून इतकी खाली हवी की वरचं कॅरेट बसताना बोटं सापडणार नाहीत. घट्ट बसणारं कॅरेट आखणं सोपं आहे. थकलेल्या हातांनी, अंधारात, वाकडं ठेवलं तरी बसणारं कॅरेट आखणं अवघड, आणि खरी कसोटी तीच.

आपल्या बाजारात दिसणारी बरीच कॅरेटं ५४० बाय ३६० मिलिमीटरच्या आसपासची असतात. युरोपात आणि निर्यातीच्या मालात ६०० बाय ४०० हे माप प्रमाण धरलं जातं. दोन्हींचं गुणोत्तर तीनास दोन आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. दोन कॅरेटं लांबीनं ठेवली तर १०८० मिलिमीटर होतात, तीन कॅरेटं रुंदीनं ठेवली तरी १०८०च. त्यामुळे एक थर उभा आणि पुढचा आडवा रचता येतो, गवंडी विटांची सांधेमोड करतो तसा, आणि सुटे स्तंभ एकमेकांना बांधले जातात. मात्र आडव्या थरात वरच्या कॅरेटच्या तळाखाली खालच्या कॅरेटांचे काठ भलत्याच जागी येतात: रुंदीत मध्यावर, लांबीत तिसऱ्या हिश्शावर. तिथं तळाला खाचा ठेवल्या नाहीत तर कॅरेट डगमगतं. म्हणून ५४० बाय ३६०चा तळ १८० मिलिमीटरच्या सहा चौकोनांत वाटायचा आणि चौकोनांच्या सीमेवर खाचा सोडायच्या. पण आडव्या थरात वरचा कोपरा खालच्या भिंतीच्या मधल्या भागावर येतो, म्हणजे जी जागा सगळ्यात कमजोर तिथं. त्यामुळे खालचे थर सरळ आणि वरचे एक-दोन आडवे रचणं सगळ्यात चांगलं. खाली ताकद मिळते, वर बांधणी मिळते.

परतीच्या फेरीचा विचारही आखतानाच करावा लागतो. सरळ भिंतीचं कॅरेट रिकामं असलं तरी भरल्याएवढीच जागा खातं, आणि गाडी हवा वाहत माघारी येते. भिंती उतरत्या ठेवून दोन टोकांच्या टेकण्या वेगवेगळ्या केल्या, तर कॅरेट एका दिशेनं ठेवल्यावर वर टेकतं आणि अर्धं फिरवून ठेवल्यावर आत जातं. त्यात भरायची जागा थोडी घटते. घडीचं कॅरेट आणखी कमी जागा घेतं, पण त्याची बिजागरी हा आणखी एक मोडणारा भाग होतो. यातली योग्य निवड माल किती लांब जातो आणि कॅरेट परत येतं की नाही यावर ठरते.

न्हावा शेव्याजवळ एखाद्या कंटेनर यार्डाबाहेर उभं राहिलं की थप्पीचे हेच नियम पोलादात दिसतात. तिथलं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हा कंटेनरची पद्धत जगभर रुळलेली होती. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांवर ओतीव पोलादाचे ठोकळे असतात, प्रत्येकी १७८ बाय १६२ बाय ११८ मिलिमीटरचे. वरचे चार ठोकळे छतापेक्षा किमान सहा मिलिमीटर उंच असतात, त्यामुळे वरचा कंटेनर खालच्याच्या छताला स्पर्शही करत नाही. सगळं वजन ठोकळ्यावरून ठोकळ्यावर, खांबातून खांबात उतरतं. अडकवण्याचं काम ट्विस्टलॉक करतं. ठोकळ्याच्या लांबट भोकात त्याचं शंकूसारखं निमुळतं टोक शिरतं आणि फिरवलं की भोकाच्या अरुंद बाजूला अडतं. जमिनीवरच्या थप्पीला सहसा ते लागतही नाही, वजनच तिला धरून ठेवतं. बोटीच्या डेकवर, जिथं समुद्र हलवतो, तिथं मात्र त्याच्याशिवाय भागत नाही.

कंटेनरच्या दारावर १९७२च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार एक पाटी असते. अनेक पाट्यांवर थप्पीचं परवानगीचं ओझं १,९२,००० किलो लिहिलेलं दिसतं, म्हणजे चोवीस टनांचे आठ कंटेनर. सोबत १.८ जी असा आकडा असतो, कारण लाटेवर बोट उसळते तेव्हा ओझं जवळपास दुपटीला जातं असं धरूनच चाचणी घेतात. त्या चाचणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वरचा भार मुद्दाम सरकवून ठेवतात, आडव्या दिशेनं २५.४ आणि लांबीच्या दिशेनं ३८ मिलिमीटर. थप्पी कधीच अगदी सरळ लागत नाही, हे तिथं गृहीतच धरलेलं असतं. मापातही तेच शहाणपण आहे. वीस फुटी कंटेनर ६०५८ मिलिमीटरचा असतो, पूर्ण वीस फुटांचा नाही. असे दोन ठेवले आणि मध्ये ७६ मिलिमीटर सोडले की बरोबर १२,१९२ होतात, म्हणजे चाळीस फूट. ती मोकळीक मापातच बांधलेली आहे, म्हणून दोन लहान कंटेनरांवर एक मोठा बसतो.

ही व्यवस्था आपोआप जुळली नाही. अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांची ‘आयडियल एक्स’ ही बोट २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाली. पुढची काही वर्षं प्रत्येक कंपनीचे कंटेनर आणि त्यांची अडकवणी वेगवेगळी होती. एकाचा कंटेनर दुसऱ्याच्या क्रेनला उचलता येत नसे. मॅक्लीन यांच्याकडच्या कोपरा-ठोकळ्याची आणि ट्विस्टलॉकची रचना कीथ टँटलिंगर या अभियंत्यानं केली होती. टँटलिंगर यांच्या आग्रहावरून १९६३ साली मॅक्लीन यांच्या कंपनीनं त्या पेटंटवरचा हक्क सोडला. त्या रचनेत सुधारणा होऊन आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, आणि त्यामुळेच कोणत्याही देशात तयार झालेला कंटेनर न्हावा शेव्याच्या क्रेनला उचलता येतो.

आपल्या शेतमालाच्या कॅरेटला नेमकं हेच मिळालेलं नाही. बाहेरचं माप जवळपास सारखं असूनही एका कारखान्याचा काठ दुसऱ्याच्या तळाला बसेल याची खात्री नसते. शेतकऱ्याच्या खळ्यावर, आडत्याच्या गाळ्यावर आणि गाडीत सगळ्या कारखान्यांची कॅरेटं मिसळतात. त्या मिसळलेल्या थप्पीत अडकवणी निकामी होते आणि सगळी मदार दोरीवर येते. काठाची रुंदी, खोबणीची खोली आणि कोपऱ्यातली मोकळीक, एवढी तीन मापं कॅरेट बनवणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवली तर हा प्रश्न सुटेल. बाकी आकार, रंग, जाळी, मूठ यांत ज्यानं त्यानं खुशाल स्पर्धा करावी. त्या तीन मापांवर कुणाचा धंदा उभा नाही, पण रात्रभर प्रवास करणारा टोमॅटो आणि तो चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची कंबर त्यांच्यावर अवलंबून आहे. मी आखलेलं कॅरेट परक्या कॅरेटवरही नीट बसावं, अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी माझ्या आखणीतली ही तीन मापं मी कुणालाही द्यायला तयार आहे.