लेकरांचे कपडे : ऐपतीत बसेल अशी ऐट

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीतील आयाबायांना एकच घोर लागतो. लेकरांना कपडे काय घ्यायचे? नगरच्या कापड बाजारात गर्दी उसळते आणि दोन-अडीच वर्षांच्या पोराला कोट, पँट, टाय असा संच घेतला जातो. हौस समजू शकते. ज्यांच्या भिंतीवर सुटाबुटातील बाबासाहेब आहेत, त्यांना आपले लेकरू तसे दिसावे असे वाटणारच. पण हा संच बहुधा पॉलिस्टरचा असतो, आत अस्तर असते, आणि नगरचा एप्रिल तर चाळिशीला टेकलेला असतो. मिरवणुकीत मूल घामाघूम होऊन रडते, मानेवर घामोळे उठते. पुढच्या जयंतीला तोच कोट दंडात अडकतो.

कारकुनाला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. समजा, ८०० रुपयांचा संच दोनदा अंगावर चढला, तर एका वेळेचे ४०० रुपये पडले. २५० रुपयांचा सुती सदरा ५० वेळा घातला, तर एका वेळेचे ५ रुपये. उसने काढून घेतला असेल तर व्याज वेगळेच! त्यापेक्षा पांढरा सुती सदरा-लेंगा घ्यावा. तो जयंतीला होतो, बुद्ध पौर्णिमेला होतो, विहारात वंदनेला होतो. वेगळा धुऊन थोडी नीळ दिली की पुन्हा नव्यासारखा.

मूल किती वाढते हे ठाऊक असले की बराच खर्च वाचतो. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे पहिल्या वर्षी घेतलेला कपडा दोन-तीन महिन्यांत तोकडा होतो. या वयात दुकानाची पायरी चढूच नये. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पातळाची झबली, लंगोट आणि दुपटी बाळाच्या कातडीला सोसतात. फक्त गळ्याशी लांब नाडी नको, आणि सैल बटण तर नकोच. ते तुटले की थेट तोंडात जाते.

दोन वर्षांनंतर वाढ मंदावते. पुढे वर्षाला ६-७ सेंटिमीटर, म्हणजे अडीच इंच. म्हणून फ्रॉकच्या किंवा पँटच्या खालच्या काठाला तीन इंचांची दुमड ठेवावी आणि वर्षाने उसवून खाली सोडावी. जुन्या दुमडीची रेघ दिसते, तिच्यावर रंगीत फीत शिवली की ती नक्षीच वाटते. शिंप्याला आठवणीने सांगावे, बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडा. तयार कपडा घ्यायचा असेल तर दुकानातच उलटा करून पाहावा. आत माया नसेल, दोरे लोंबत असतील, तर वरची भरजरी पट्टी पाहून भुलू नये. कटपीसच्या दुकानात ३६ इंची पन्ह्याचे सव्वा मीटर कापड दोन-तीन वर्षांच्या मुलीच्या साध्या फ्रॉकला पुरते. सुती कापड आटते, तेव्हा बेतण्याआधी भिजवून वाळवावे.

आता नाजूक प्रश्न. थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत का? आपल्यातील जुनी माणसे वापरलेल्या कपड्याचे नाव काढले की तोंड फिरवतात. त्याला कारण आहे. चांडाळांनी प्रेताची वस्त्रे अंगावर घ्यावीत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवले होते. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. अंगावरच्या वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ हवे, हेही त्यांनी बजावले. तेव्हा वाड्यावरून दयेने फेकलेले वस्त्र वेगळे, आणि बहिणीने बहिणीच्या लेकराला दिलेले वेगळे. मात्र देणारीने धुऊन, तुटके बटण लावून, घडी घालून द्यावे. विटलेले, फाटके गाठोडे कोणाच्या दारात टाकू नये. त्याची पायपुसणी होतात.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, त्यांच्या लेकरांची गोष्ट आणखी निराळी. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो आणि मूल कोपीत असते. तिथे एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक घातलेले दोन पातळ कपडे अधिक ऊब धरतात, आणि दुपारी एक काढता येतो. कानटोपी, पायमोजे आणि जुन्या पातळांची गोधडी एवढे बरोबर हवेच. चुलीपाशी वावरणाऱ्या लेकराच्या अंगावर नायलॉन, पॉलिस्टर घालू नये. ते पेट घेतल्यावर वितळून कातडीला चिकटते.

मूल पहिलीत गेले की सरकारी शाळेत दोन गणवेश मिळतात. २०२४-२५ साली राज्याने कापड एकत्र घेऊन ते बचत गटांच्या बायकांकडून शिवून घेण्याचा प्रयोग केला. कितीतरी शाळांत गणवेश उशिरा पोहोचले. २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. तेव्हा रोजंदारी बुडते म्हणून बैठक चुकवू नका. कापडाचा नमुना हातात घेऊन चुरगाळून पाहा, आणि माप देताना एवढे जरूर विचारा, शिवणीत माया किती सोडणार?