वऱ्हाडच्या उन्हात घटपर्णी

काही वनस्पती कीटक खातात, हे आपण सर्वांनी शालेय पुस्तकात वाचलेले असते. घटपर्णीचे झाकण असलेल्या सुरईसारखे चित्रही अनेकांना आठवत असेल. पण ती आपल्या अंगणात जगेल का, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढणाऱ्या जऊळक्यात राहून हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. त्याचा विचार करताना जे उमगले, ते येथे मांडतो.

भारतातील एकमेव घटपर्णी मेघालयच्या टेकड्यांत वाढते. गारो लोक तिला 'मेमांग कोक्सी', म्हणजे भुताची टोपली म्हणतात. बोर्निओतील किनाबालू पर्वतावरची 'राजा' घटपर्णी तर १५०० मीटरहून अधिक उंचीवर राहते. तेथील जमिनीत नत्र फार कमी. ती उणीव या वनस्पती कीटकांतून भरून काढतात.

उंचावरच्या या झाडांना दुपारपेक्षा रात्र अधिक जाचते. दिवसा पानांनी तयार केलेली साखर रात्री श्वसनात खर्च होते आणि उष्णता वाढली की हा खर्चही वाढतो. मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला की संसार बुडतो, तसेच झाडाचे होते. म्हणून त्यांना थंड रात्र हवी.

आता आपल्या बाजूची एक गोष्ट. आपले ऊन कोरडे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरता येते. कोकणात ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असताना ही मर्यादा २८ अंशांवरच थांबते. म्हणजे या बाबतीत वऱ्हाड कोकणापेक्षा सुदैवी!

कृती साधी आहे. मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू भरावी, मधोमध झाडाची प्लास्टिकची कुंडी ठेवावी आणि वाळू ओली राखावी. भोवती तीन बाजूंनी ओले गोणपाट टांगावे व सावलीत, पण वारा लागेल अशा जागी ठेवावे. प्रत्यक्षात वरील मर्यादेपेक्षा काही अंश अधिकच राहतील. मेघालयच्या झाडाला एवढे पुरू शकेल. किनाबालूच्या 'राजा'ला नाही.

मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. वाळू आणि गोणपाटावर विहिरीचे पाणी चालेल, झाडाच्या मुळाशी नाही. माठावर पांढरा थर धरतो तो क्षारांचा. तेच क्षार या मुळांना मारतात. मुळाशी साठवलेले पावसाचे पाणीच घालावे. काळी माती व खतही वर्ज्य.

पण मित्रांनो, खरा पेच पुढेच आहे. ज्या दिवसांत घरोघरी पाण्यासाठी हंडे मोजले जातात, त्याच दिवसांत हे झाड पाणी मागणार. कूलर लावला तर अनेक बादल्या जातील. वाळूच्या कुंडीचे काम त्याहून पुष्कळ कमी पाण्यात भागते. तेवढेही भांडी विसळल्यावर उरलेल्या पाण्यातून काढता येईल. तेही जमत नसेल, तर झाड आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रानातून उपटलेले रोप तर कधीच घेऊ नये.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर, पावसाळ्यात, दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. दवबिंदूची एक जात उन्हाळा बीजरूपाने मातीत काढते आणि पाऊस आला की पुन्हा डोके वर काढते. उन्हाशी भांडण नाही, की पाण्याची मागणी नाही. आपल्या मातीतल्या या लहानशा झाडाने जो मार्ग काढला, तो शहाणपणाचा आहे. घटपर्णी पाळणाऱ्याने निदान तो पाहून तरी यावा.